गिझर बिघडत चाललाय, हे कशावरून ओळखायचं?

पाणी पूर्वीसारखं कढत येईनासं झालं, की बहुतेक घरांत निष्कर्ष ठरलेला असतो: थंडी वाढलीय. कधीकधी तो बरोबरही असतो. नळाचं पाणीच दहा अंशांनी जास्त गार असेल, तर गिझरला तेवढं जास्त काम पडणारच. पण याच सबबीवर आजारी कॉइल अख्खा हिवाळा काढते, आणि एके दिवशी एमसीबी पडला की ‘काल तर चांगला चालू होता’ असं म्हणायची वेळ येते. गिझर असा एका रात्रीत फार क्वचित जातो. आधी बरेच दिवस काही ना काही लक्षण दिसत असतं. ते नेमकं कधी दिसतं आणि कुठून येतं, एवढं टिपलं तर बिघडलेला भाग बहुतेक वेळा घरबसल्या कळतो. ‘गिझर गळतोय’ एवढ्यावरून मेकॅनिकला काहीच कळत नाही. ‘पाणी तापत असतानाच व्हॉल्व्हच्या भोकातून थेंब पडतात, नंतर थांबतात’ असं सांगितलं, तर त्याला बोलावायचीही गरज नाही, कारण तसं होणं ठीकच आहे.

पुढचं समजायला गिझरच्या पोटात काय असतं ते डोळ्यांसमोर हवं. इथे मुख्यतः भिंतीवर टांगलेल्या, विजेवर चालणाऱ्या, १० ते २५ लिटरच्या उभ्या गिझरबद्दल लिहितोय. आत एक पोलादी टाकी असते. कधी स्टेनलेस, कधी आतून काचेसारखा इनॅमलचा थर दिलेली. टाकीभोवती फोम आणि त्यावर बाहेरचं कव्हर. खालून दोन पाइप आत जातात. थंड पाण्याचा पाइप तळाशीच सुटतो. गरम पाण्याचा पाइप आतून पार वरपर्यंत जातो, कारण तापलेलं पाणी वर जमतं. तळाला नटबोल्टांनी आवळलेली गोल झाकणी असते, तिला फ्लँज म्हणतात. तिच्यावर कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि बऱ्याच गिझरांत मॅग्नेशियमचा रॉड बसवलेला असतो. थर्मोस्टॅट साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान वीज तोडतो. तो चुकला तर ९० अंशांच्या आसपास कटआउट उडतो. आणि थंड पाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. या सगळ्यात लोकांच्या शिव्या सगळ्यात जास्त तोच खातो.

तापायला किती वेळ लागायला हवा

‘हल्ली उशिरा तापतं’ हे मोजल्याशिवाय म्हणू नये. हिशेब सोपा आहे: टाकीचे लिटर, गुणिले जितके अंश वाढवायचे ते, गुणिले ०.०७, भागिले कॉइलचे किलोवॅट. उत्तर मिनिटांत येतं. २५ अंशांचं पाणी ६० पर्यंत न्यायचं असेल आणि कॉइल २ किलोवॅटची असेल, तर १५ लिटरला सुमारे १८ मिनिटं, २५ लिटरला साधारण ३१. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे चालतात. टाकी पूर्ण गार असताना गिझर चालू करा, तापण्याचा दिवा विझेपर्यंत घड्याळ लावा आणि त्या वेळात पाणी वापरू नका.

वेळ जास्त लागला तर आधी व्होल्टेज बघा. २३० च्या जागी २०० व्होल्ट येत असतील, तर २ किलोवॅटची कॉइल जेमतेम १.५ किलोवॅट ओढते आणि १८ मिनिटांचं काम २४ वर जातं. गिझरचा यात काही दोष नाही.

क्षार बसल्यामुळे पाणी उशिरा तापतं, असं सर्रास सांगितलं जातं. पाण्यात बुडालेल्या कॉइलच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. क्षारांचा थर असो वा नसो, कॉइल ओढते तितकीच वीज ओढते, आणि त्या उष्णतेला पाण्यात जाण्यावाचून दुसरी वाट नसते. बदलतं ते कॉइलचं स्वतःचं तापमान. उष्णता थरातून सहज बाहेर पडत नाही, म्हणून कॉइलची नळी आतून भाजत राहते आणि शेवटी तिला चीर पडते. दुसरी गोष्ट घडते ती थर्मोस्टॅटची. त्याची नळी कॉइलच्या अगदी शेजारी असते. दोघांच्या मध्ये क्षार साठून सलग गोळा झाला, की थर्मोस्टॅटला पाण्याचं तापमान कळायच्या ऐवजी त्या गोळ्याचं कळतं आणि तो घाईने वीज तोडतो. मग दिवा सहा-सात मिनिटांतच विझतो आणि पाणी मात्र कोमट! लोक पुन्हा वाट बघतात, दिवा पुन्हा थोडा वेळ लागतो, आणि शेवटी ‘गिझरला तास लागतो’ अशी तक्रार येते. म्हणून वेळेबरोबर पाणी किती तापलं हेही बघायला हवं.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. विसण म्हणून किती गार पाणी घालावं लागतं ते बघा. ६० अंशांच्या पाण्यात २५ अंशांचं पाणी घालून आंघोळीजोगं ४० अंशांवर आणायला, एक तांब्या गरम पाण्याला साधारण सव्वा ते दीड तांब्या गार पाणी लागतं. एका तांब्याला पाऊण तांब्याहूनही कमी पुरत असेल, तर पाणी ५० अंशांच्या आसपासच थांबतंय.

तापण्याचा वेगळा दिवा असलेल्या गिझरात दिवा आणि पाणी यांची जोडी लावली की बरंच कळतं. दिवा लवकर विझतो आणि पाणी कोमट, म्हणजे थर्मोस्टॅट किंवा क्षार. दिवा लागलेलाच आणि पाणी थंडगार, म्हणजे कॉइल उडाली. दिवाच लागत नाही, तर आधी वीज येतेय का ते बघायचं, मग कटआउट. दिवा विझतच नाही आणि तोटीतून वाफ फुरफुरत येते, म्हणजे थर्मोस्टॅट चिकटलाय. असा गिझर त्या क्षणी बंद करायचा. कटआउटचं बटण दाबून तो पुन्हा सुरू करता येतो, आणि तिथेच लोक फसतात. कटआउट एकदा उडाला तर योगायोग म्हणा, दुसऱ्यांदा उडाला तर थर्मोस्टॅट बदला. बटण दाबत राहणं म्हणजे शेवटच्या पहारेकऱ्यालाच रोज उठवून लावणं.

आता फसवी लक्षणं. गिझर ठणठणीत असतो आणि दोष मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या तोटीत असतो. थंड आणि गरम दोन्ही बाजू उघड्या ठेवून पाणी पुढे शॉवरच्या किंवा हातनळीच्या बटणावर बंद केलं, की थंड पाणी मिक्सरच्या आतूनच गरम पाइपात शिरतं. मिक्सरचं कार्ट्रिज झिजलं तरी तेच होतं. तपासायची रीत अशी: गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याची तोटी उघडा. क्षणभर पाणी येऊन धार थांबायला हवी. वाहतच राहिली, तर ते पाणी गिझरमधून न येता दुसरीकडून येतंय. ही तपासणी गिझरचा स्विच बंद करूनच करायची.

याच्या उलट लक्षणही असतं: गार पाण्याच्या तोटीतून सुरुवातीला ऊन पाणी येणं. मिक्सर ठीक असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हमधली पाणी मागे जाऊ न देणारी झडप निकामी झाली असं समजा. हे दिसायला किरकोळ आहे, पण वरची टाकी रिकामी झाली की याच वाटेने गिझरमधलं पाणीही उतरतं. मग कॉइल कोरडी पडते, आणि कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते. म्हणून वरची टाकी धुतल्यावर किंवा पाणीपुरवठा बराच वेळ बंद राहिल्यावर आधी गरम पाण्याची तोटी उघडायची, हवा निघून सलग धार लागली की मगच स्विच लावायचा.

आवाज

चालू केल्यावर बारीक सुं-सुं आवाज येणं आणि थर्मोस्टॅट तुटता-जुळताना एकदा टक्‌ होणं, यात काही विशेष नाही. तापताना आतून बुडबुड, कडकड, मधूनच ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर क्षार बसलेत. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर फोडून बाहेर पडते, त्याचा तो आवाज. पाण्यातलं कॅल्शियम तापवल्यावरच खाली बसतं, आणि जितकं जास्त तापवावं तितकं जास्त. म्हणून बोअरचं जड पाणी असेल तर थर्मोस्टॅट ७५ वर ठेवण्यात काही शहाणपण नाही, ६० पुरे. त्याहून फार खालीही नको. २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात.

थर्मोस्टॅटची लागोपाठ टकटक किंवा तडतड ऐकू आली, तर त्याचे पॉइंट जळत चाललेत. तोटी झटकन बंद केल्यावर भिंतीत होणारा धप्प आवाज पाइपातल्या पाण्याच्या धक्क्याचा असतो. त्याचा गिझरशी संबंध नाही.

रंग आणि वास

तांबूस पाणी आलं की एक काचेचा पेला गरम पाण्याने भरा, दुसरा गार. दोन्ही तांबूस असतील, तर गंज पाइपात किंवा वरच्या टाकीत आहे. फक्त गरम तांबूस असेल आणि चार-पाच बादल्या सोडूनही निवळत नसेल, तर गिझरची टाकी आतून गंजतेय. इथे मॅग्नेशियमच्या रॉडचा विषय येतो. मॅग्नेशियम पोलादापेक्षा आधी झिजतं, आणि ते शिल्लक असेपर्यंत टाकी वाचते. इनॅमलच्या थराला कुठे ना कुठे बारीक चीर असतेच, तिथला गंज हा रॉड अंगावर घेतो. तो वर्षातून एकदा, फार तर दोन वर्षांनी बाहेर काढून बघायचा असतो. जाडी निम्म्यावर आली किंवा मधली तार दिसायला लागली की बदलायचा. घरात पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं असेल तर रॉड उलट लवकर संपतो, हे बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. टाकीचं आयुष्य वाढवणारी याच्याइतकी स्वस्त दुसरी वस्तू गिझरात नाही, आणि इतकी दुर्लक्षितही नाही.

सडक्या अंड्यासारखा वास फक्त गरम पाण्याला येत असेल, तर टाकीतले काही जंतू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करताहेत. गिझर बरेच दिवस बंद राहिल्यावर हे हमखास होतं, आणि मॅग्नेशियमचा रॉड त्याला हातभारच लावतो. थर्मोस्टॅट सगळ्यात वर ठेवून काही तास पाणी तापवा, मग टाकी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा. वास परत-परत येत असेल तर ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड बसवतात. रॉड काढून टाकणं हा उपाय नाही; वास जाईल आणि मागोमाग टाकीही.

पांढरट पाण्याला घाबरायचं कारण नाही. पेल्यातला पांढरेपणा मिनिटभरात खालून वर निवळत गेला तर ती हवा. तळाशी पांढरे कण बसले तर क्षार. हेच कण शॉवरच्या भोकांत आणि तोटीच्या जाळीत अडकतात आणि गरम पाण्याची धार बारीक होते. धार फक्त गरम पाण्याचीच बारीक असेल तर आधी जाळी काढून धुवा, मग सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गरम पाण्याचं निपल बघा.

गळती

सेफ्टी व्हॉल्व्हपासून सुरुवात करू. पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की दीड टक्क्याने फुगतं. १५ लिटरच्या टाकीत हे जास्तीचं पाणी सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास होतं, म्हणजे पाऊण-एक पेला. मागे जायला झडप अडवते, पुढे तोटी बंद, मग ते व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून ठिबकतं. तापताना पडणारे आणि नंतर थांबणारे हे थेंब म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय.

गिझर बंद, पाणी गार, तरीही ठिबक चालूच, असं असेल तर दोन शक्यता. एक, व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय. स्विच बंद करून, पाणी गार असताना व्हॉल्व्हची दांडी दोन-तीनदा उचलून पाणी जोरात सोडलं की तो निघून जातो. दुसरी शक्यता दाबाची. घरगुती गिझरची टाकी बहुधा ६.५ किंवा ८ बार दाबाची असते, पाटीवर तो आकडा लिहिलेला असतो. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब येतो. उंच इमारतीच्या खालच्या मजल्यावर किंवा प्रेशर पंप बसवलेल्या घरात दाब सहज जास्त होतो, आणि तिथे व्हॉल्व्ह कितीही वेळा बदलला तरी ठिबक थांबत नाही. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह थंड पाण्याच्या लाइनवर बसवावा लागतो.

ठिबक बंद व्हावी म्हणून त्या भोकात खिळा ठोकणं, एमसील भरणं किंवा व्हॉल्व्ह काढून तिथे साधं निपल लावणं, हे प्रकार होतात, आणि करणाऱ्याला त्यातलं काही कळत नसतं. वाट बंद असताना थर्मोस्टॅट चिकटला, तर पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर जातं. टाकी फाटली की त्या पाण्याचा काही भाग एकदम वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. गिझर फुटल्याच्या घटनांमागे ही जोडी असते. घरात गिझर असेल तर आजच खाली वाकून बघा: थंड पाण्याच्या तोंडाशी व्हॉल्व्ह आहे का, त्याचं भोक मोकळं आहे का, त्याला नळी लावली असेल तर ती खाली उतरती आणि तोंड उघडी आहे का. महिन्यातून एकदा दांडी उचलून बघायची. अडकली असेल तर जोर लावू नका, व्हॉल्व्हच बदला.

पाइपाच्या जोडावरची गळती सोपी. आटे साफ करून नवीन टेफ्लॉन टेप लावला की झालं. लवचीक कनेक्शन पाइपाची बाहेरची जाळी गंजली किंवा पाइप फुगला असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता तो बदला. खालच्या प्लास्टिक कव्हरच्या मधोमध पाणी जमत असेल, तर बहुधा फ्लँजचं गॅस्केट (मधली रबरी चकती) कडक झालंय. ते बदलता येतं, पण थांबू नका, कारण बरोबर तिथेच विजेची जोडणी असते.

पाणी बाहेरच्या कव्हरच्या शिवणीतून तांबूस रंगाचं पाझरतंय आणि पत्र्याला फुगवटा किंवा गंजाचे ओघळ आलेत, याचा अर्थ टाकीला भोक पडलं. याला इलाज नाही. वेल्डिंग करून देणारे भेटतात. पण आतला इनॅमल त्या उष्णतेने उडतो आणि शेजारीच नवीन भोक पडतं, शिवाय दाबाच्या टाकीवरचं ते काम भरवशाचं नसतं. वीज आणि पाणी बंद करा, टाकी रिकामी करा आणि नवीन गिझर बघा. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, गॅस्केट, व्हॉल्व्ह, रॉड यांतलं काहीही गेलं आणि टाकी कोरडी ठणठणीत असेल, तर मात्र ‘आता नवीनच घ्या’ या सल्ल्याकडे जरा संशयाने बघायला हरकत नाही. दहा-बारा वर्षांच्या टाकीवर कॉइल आणि थर्मोस्टॅट एकदम बदलायची वेळ आली, तर तो पैसा नव्या गिझरकडे वळवणं बरं.

करंट आणि एमसीबी

तोटीला किंवा धारेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर ‘जरासा करंट येतोय’ असं म्हणून आंघोळ उरकायची नाही. पाण्याबाहेर या आणि एमसीबी पाडा. बाथरूममधल्या स्विचवर विसंबू नका. वायरिंग उलटं झालं असेल तर स्विच बंद असूनही कॉइलपर्यंत फेज पोचलेला असतो.

आत काय झालेलं असतं? कॉइल म्हणजे धातूची नळी, तिच्या मधोमध नायक्रोमची तार आणि दोघांमध्ये ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. नळीला चीर पडली की पूड पाणी शोषते आणि वीज पाण्यात, टाकीच्या अंगात उतरते. अर्थिंग चांगलं असेल आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल, तर तो पडतो आणि आपण वाचतो. अर्थिंग नसेल तर ती वीज माणसातून वाट काढते. म्हणजे झिणझिण्या आल्या की दोन गोष्टी बिघडल्यात, कॉइल आणि अर्थिंग. नुसती कॉइल बदलून भागत नाही.

आरसीसीबी कधी पडतो त्यावरूनही अंदाज येतो. स्विच लावताक्षणी पडला तर चीर मोठी आहे. पाच-दहा मिनिटं चालून पडला तर कॉइल तापल्यावर चीर उघडते. आणि एक चकवा: गिझरचा स्विच बंद असताना, भलतंच उपकरण लावल्यावर आरसीसीबी पडतो. स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. चीर न्यूट्रलच्या टोकाजवळ असेल तर तिथून तो अर्थला टेकतो. फ्रिज-मिक्सर तपासत बसण्याआधी गिझरचा प्लगच काढून बघा.

आरसीसीबी न पडता फक्त एमसीबी पडत असेल, तर शॉर्ट किंवा सैल जोडणीची उष्णता बघायची. २ किलोवॅटची कॉइल ८.७ अँपिअर ओढते, ३ किलोवॅटची १३. त्याला १६ अँपिअरचा प्लग आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. अर्धा तास चालल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल, पिन काळवंडली असेल, सॉकेटच्या कडा पिवळ्या पडल्या असतील किंवा मासळीसारखा जळका वास येत असेल, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललं तर जुन्याच्या सैल पकडीने नवीनही जळतं.

उघडून बघायचं झालं तर

विजेच्या कामाचा हात नसेल तर हे वाचून ठेवा, म्हणजे समोरचा माणूस नीट करतोय का ते कळेल. एमसीबी पाडून प्लग काढायचा, पाणी गार होऊ द्यायचं, थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम तोटी उघडी ठेवायची आणि व्हॉल्व्हच्या दांडीने टाकी रिकामी करायची. कव्हर काढल्यावर आधी बघायचं ते वायरांची टोकं काळी पडलीत का, आणि कुठे पांढरे-हिरवे ओघळ आहेत का.

कॉइलची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावा. २ किलोवॅटच्या कॉइलला २६ ओहमच्या आसपास यायला हवेत, ३ किलोवॅटला १७ ते १८. काहीच जोडणी दाखवली नाही तर तार तुटलीय. मग दोन्ही वायरा सोडवून टोक आणि टाकीचं अंग यांच्यामध्ये मोजा. इथे मात्र काहीच जोडणी दिसता कामा नये. बारीक चीर मल्टिमीटरला सापडत नाही, त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (वीज कुठे झिरपतेय का ते तपासायचं यंत्र) लागतो. तो १ मेगओहमच्या खाली दाखवत असेल, तर त्या कॉइलचा मोह सोडा.

क्षार बसलेली पण धड असलेली कॉइल १ लिटर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून त्यात तास-दोन तास बुडवून ठेवावी. विजेची टोकं वर, कोरडी राहिली पाहिजेत. थर मऊ झाला की ब्रशने निघतो. सुरीने खरवडणं आणि फरशी धुवायचं ॲसिड वापरणं, दोन्हींनी नळीचं नुकसान होतं. टाकीच्या तळाला साठलेला चुरा हाताने काढून दोन-तीनदा पाणी भरून सोडा. बसवताना गॅस्केट नवीनच घ्यायचं आणि फ्लँजचे नट समोरासमोरचे, थोडे-थोडे करत आवळायचे. एका बाजूने आवळत गेलं तर झाकणी तिरकी बसते आणि आठवड्यात गळते. टाकी भरून, तोटीला सलग धार लागल्यावर, दहा मिनिटं गळती नाही हे बघून मग वीज.

गॅस गिझर

याची लक्षणं वेगळी. ठिणगीचा चटचट आवाज येतो पण पेटत नाही, तर आधी सेल बदला. ठिणगीच येत नाही आणि पाण्याची धार बारीक आहे, तर दाब कमी पडल्यामुळे किंवा आतला रबरी पडदा फाटल्यामुळे ठिणगीचा स्विच आणि गॅसची वाट उघडत नाहीये. ठरावीक मिनिटांनंतर आपोआप विझणं ही बऱ्याच मॉडेलमध्ये मुद्दाम दिलेली सोय असते, तो बिघाड नाही.

खरं लक्ष ज्योतीकडे ठेवायचं. ती निळी आणि ताठ हवी. पिवळी, लवलवती ज्योत आणि कव्हरवर काजळी दिसली, म्हणजे गॅस अर्धवट जळतोय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवायचाच नाही, बाहेर मोकळ्या हवेत बसवायचा. आत असेल आणि खिडकी बंद असेल, तर काही मिनिटांची आंघोळही जिवावर बेतू शकते. आंघोळ करताना डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं किंवा पायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं, तर साबण अंगावर असला तरी दार उघडून बाहेर यायचं, घरातल्यांना हाक मारायची आणि गॅसचा कॉक बंद करायचा. बर्नर साफ करून ज्योत निळी दिसेपर्यंत आणि गिझर बाथरूमबाहेर हलवेपर्यंत तो पुन्हा पेटवायचा नाही.